अडीचशेत बसवा

हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४मध्ये नऊशे शब्दांचा एकच निबंध बंद केला आणि तीन छोटे मागितले: एक ३०० शब्दांचा, दोन २५०चे. आमच्या भाच्याच्या पत्रिकेत नेमका हाच योग होता. कोणत्या अनुभवांनी घडलात, इतरांसाठी काय करता आणि कसले नेते होणार, हे सगळं अडीचशेत सांगायचं. भाच्याचा खर्डा निघाला ११४० शब्दांचा. नेता होण्याची लक्षणं तिथेच दिसली.

दोष त्याचा नाही. आमच्या घराण्याने आजवर छापलेला एकमेव मजकूर म्हणजे ताईची लग्नपत्रिका. निमंत्रकांत सत्तावीस नावं, शिवाय तळाला ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी पाच चिमुकली. एका चुलतआजोबांच्या नावाआधीचं ‘श्री.’ राहिलं, तर ते पंगतीला बसले नाहीत. अशा रक्ताच्या पोराने निबंधात आजीचे संस्कार, गणपती मंडळाचं खजिनदारपद आणि क्लासची फी भरणारे काका, सगळ्यांना मानाने बसवलं होतं.

शेवटी लाल पेन ताईच्या सासऱ्यांच्या हाती गेलं. तात्या तार ऑफिसातून निवृत्त. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद पडली, पण शब्द मोजायची सवय गेली नाही.

“हे ‘डीपली पॅशनेट’ काय? पॅशनेट आहेस ना? मग डीपली कशाला, विहीर खणतोयस?”

दोन्ही शब्द गेले. पाठोपाठ ‘लहानपणापासूनच’, मग आजी, मग काका. मंडळाच्या वर्गणीत साडेतीन हजार कमी पडले तेव्हा पोरगा पावतीपुस्तकं घेऊन पुन्हा दारोदार फिरला, एवढंच तात्यांनी ठेवलं. मला विचाराल तर अकराशे चाळीसांत घडलेली गोष्ट तेवढीच होती.

भाच्याने मग शेवटचं अस्त्र काढलं. चार शब्दांत संयोगचिन्हं घातली, की कॉम्प्युटर एकच शब्द मोजतो.

“असे जोडशब्द घेऊन खिडकीवर रोज कुणीतरी यायचं,” तात्या म्हणाले. “आम्ही सुटे करून पैसे लावायचो.”

रात्री अकराला आकडा २४९वर आला. एक शब्द शिल्लक.

“मग कुठेतरी ‘आई’ घाल,” ताई म्हणाली.

‘मामा’ हाही एकच शब्द होतो, हे मी हळूच लक्षात आणून दिलं.