इप्सिलोनवाले मायर

ओस्नाब्रुकच्या बाजूला निवृत्त 'हेर' (म्हणजे श्रीयुत) मायर भेटले की हात मिळवतानाच खुलासा होतो, "मायर, इप्सिलोनचा!" इप्सिलोन म्हणजे 'वाय' हे अक्षर. जर्मनीत मायर पैशाला पासरी. कुणी 'आय' लावतो, कुणी 'वाय', उच्चार सगळ्यांचा एकच. पण बव्हेरियातला 'ए-आय'वाला मायर यांच्या लेखी जवळजवळ परदेशीच.

मूळ मायर म्हणजे मठाचा किंवा सरदाराचा कारभारी. शेतीवर देखरेख ठेवायची, सारा गोळा करायचा. पुढे तो मोठं कूळ झाला. जितकी वतनं तितके मायर, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. हेर मायरांना हे ठाऊक आहे, मान्य नाही.

निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा वेळ चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांत जातो. जुनी कुरेंट लिपी ते धडाधड वाचतात, नातवाचा मोबाइलवरचा मेसेज मात्र त्यांना लागत नाही. नोंदवहीत पाद्री कानावर पडेल तसं लिहीत. त्यामुळे खापरपणजोबा बाप्तिस्म्याला 'आय'चे, लग्नात 'वाय'चे आणि दफनात तिसरेच. यावर हेर मायरांचा निष्कर्ष तयार असतो : "पाद्री दक्षिणेतला असणार!" १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात पुष्कळ वह्या जळाल्या. इतर संशोधक हळहळतात, हे मात्र खूश. जिथं दप्तर जळालं तिथं एखादा सरदार उभा करता येतो.

खरी पंचाईत केली ती घरजावयानं. त्या मुलखात नाव माणसाचं नसे, वाडीचं असे. वाडीच्या वारसदार मुलीशी लग्न करणारा आपलं आडनाव सोडून वाडीचं लावी. म्हणजे अठराव्या शतकातला यांचा मूळपुरुष मायर नव्हताच, श्मिट होता! बोळातल्या भिंतीवरच्या वंशवृक्षात ती चौकट आहे, पण तिच्यापुढं हल्ली एक उंच कुंडी ठेवलेली असते.

आणि ते लाडकं इप्सिलोन? १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली. तेव्हा कारकुनानं जे लिहिलं ते घराण्याला कायमचं चिकटलं. हे त्यांना सांगायला जाऊ नका. कॉफीला बोलावलं तर मात्र जरूर जा, केक फर्मास असतो. फक्त तुमचं आडनाव कुठून आलं, असं त्यांनी विचारायच्या आत निघा.