एअर कट

दादाच्या कारखान्याचा व्हिडिओ करायचं ठरलं आणि पहिला वाद झाला तो लेथवरून. बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीच्या सेकंड फेजमधल्या त्या गाळ्यात दोन सीएनसी मशिनं आहेत, आणि कोपऱ्यात हरिहरचं जुनं म्हैसूर किर्लोस्कर लेथ. पुतण्या म्हणाला, "पप्पा, याच्यावर चादर टाकू या, फार जुनाट दिसतंय." दादा म्हणाला, "आधी आज्जीवर टाकून ये." लेथ राहिलं, आयुधपूजेच्या वाळक्या हारासकट.

दुसरी अडचण आवाजाची. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस आहे. दादा कॅमेऱ्यासमोर उभा राहून "आमच्या इथं" म्हणाला की धाड, "अचूकपणाला" म्हणाला की धाड. शेवटी रविवार धरला. रविवारी प्रेस बंद, पण आमची पोरंही सुट्टीवर. आलेला एकुलता ऑपरेटर नवा शर्ट घालून, केस कापून आला होता आणि मशीनपासून चार हात लांब उभा राहात होता. शर्टाला तेल लागेल ना!

खरी पंचाईत पुढंच होती. सीएनसीवर जॉब लागला की दार बंद, आणि दुधासारखं कूलंट काचेवर असं आपटतं की आत काय चाललंय ते परमेश्वरालाच दिसावं. पुतण्या म्हणाला, दोन मिनिटं कूलंट बंद ठेवा. दादानं विचारलं, टूलचं इन्सर्ट जळलं तर पैसे तू देणार काय? मग तोड निघाली ती एअर कटची. जॉब न लावता प्रोग्रॅम चालवायचा; टूल झोकात पुढं येतं, मागं जातं, आणि कापतं फक्त हवा. पडद्यावर फारच देखणं दिसलं.

मला मात्र राहून राहून वाटत होतं की दादाची सगळी विद्या जिथं आहे तिथं कॅमेरा पोचतच नाही. बुशच्या 25 मिलिमीटरच्या बोअरला एच-सात टॉलरन्स म्हणजे खाली शून्य, वर 21 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. केसाच्या तिसऱ्या हिश्श्यात दादाचं घर चालतं. ते कसं दाखवणार?

दादासाहेब फाळक्यांना हे जमलं होतं. 1912 साली 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत 'अंकुराची वाढ' दाखवली. धंद्यासाठी केलेली इतकी प्रामाणिक जाहिरात माझ्या पाहण्यात नाही. पण वाटाणा वाढतो. बुश वाढला तर रिजेक्ट होतो.

पुतण्याला पार्श्वसंगीत हवं होतं, ड्रोन हवा होता. तुमकूर रस्त्यावरून, मेट्रोच्या पुलावरून उतरत कॅमेरा गाळ्यात शिरणार म्हणे. दादानं त्याला 23 ऑगस्ट 2023ची आठवण दिली. चांद्रयान उतरलं तेव्हा सगळा देश बघत होता ते इथलंच, पीण्यातलं, इस्रोच्या इस्ट्रॅकचं केंद्र. "काय दिसत होतं रे त्यात? खाली येणारी एक रेघ, आणि खुर्चीत बसलेली माणसं. तरी तुझ्या आईनं गॅसवरचं दूध उतू घालवलं की नाही?" पुतण्या म्हणाला, "पप्पा, त्यांच्याकडं चंद्र होता." यावर दादाला काही सुचलं नाही.

दीड मिनिटाचा व्हिडिओ तयार झाला. नातेवाइकांनी अंगठे दाखवले. बेळगावच्या आत्यानं, तुळस का दिसत नाही, असं विचारलं. दहा दिवस झाले तरी गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. अकराव्या दिवशी कोल्हापूरहून, शिरोलीच्या एमआयडीसीतून एका अनोळखी माणसाचा फोन आला. दादानं स्पीकर लावला.

"व्हिडिओ बघितला तुमचा. मशीन एअर कटवर चालवलंय न्हवं?"

दादाचं तोंड उतरलं. "होय. तुम्हाला कसं कळलं?"

"चिप्स कुठं पडत होत्या? बरं, ते असू दे. मागं कोपऱ्यात हरिहरचं लेथ दिसलं. अजून चालतंय?"

"चालतंय की!"

"मग एक ड्रॉइंग पाठवतो, बघा जमतंय काय."