घट्टे

परवा एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. भातावर वरण पडलं होतं, तुपाचं भांडं घेतलेला पोरगा नेमका माझ्या पानाशी आला होता, आणि शेजारी बसलेल्या भाऊंनी त्याच्या-माझ्या मधे डावा हात आडवा घातला. बोटं पसरली. म्हणाले, "दाबून पाहा."

तूप पुढच्या पानावर गेलं. मी बोटाचं टोक दाबलं.

"कडक?"

"कडक."

"तर्जनीचं वेगळं पाहा. करंगळीचं अजून कच्चं आहे."

भाऊंच्या डाव्या हाताच्या चार बोटांना घट्टे पडले आहेत, ही बातमी वाशिमात पुसद नाक्यापासून पाटणी चौकापर्यंत ज्याला माहीत नसेल तो माणूस परगावचा समजावा. ते दूधवाल्यानं पाहिलेत, न्हाव्यानं पाहिलेत. औषधवाल्यानं पाहिले आणि काही न विचारता मलम पुढे केलं. भाऊंनी ते विकतही घेतलं, कारण त्या निमित्तानं मागच्या गिऱ्हाइकाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगता आली. एकदा आम्ही दोघं एका मयतीला गेलो होतो. घरच्या थोरल्या मुलानं रडत रडत भाऊंचा हात हातात घेतला, बोटं लागली तसा दचकला आणि म्हणाला, "काका, हे काय झालं?" मी डोळे मिटून घेतले. मयत उचलायला वीस मिनिटं उशीर झाला तो नातेवाईक यायचे होते म्हणून नव्हे, एवढंच सांगतो.

तर, गिटार. उतारवयात गिटार शिकायला घेतलेला एक माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. नसेल तर थोडं थांबा. कोणी ना कोणी दर महिन्याला निवृत्त होतच असतं.

आपल्याकडे गिटार वडिलोपार्जित नसते, पुत्रोपार्जित असते. मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला हट्ट करून घेतो, दुसऱ्या वर्षाला ती कपाटावर जाते, आणि शेवटच्या वर्षानंतर गादी, बादली आणि टेबलफॅन यांच्यासोबत ट्रॅव्हल्सच्या डिकीतून घरी येते. भाऊंचा मुलगा हिंजवडीला लागला. भाऊ 58 व्या वर्षी नियमानं निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, म्हणजे ज्या वेळी छत्तीस वर्षं ते खुर्चीवर रुमाल टाकून चहाला जात असत त्या वेळी, त्यांची नजर कपाटावर गेली.

वरिष्ठ लिपिक होते. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा फायलींचे गठ्ठे मोजून उतरवून घेणाऱ्यांत भाऊ होते. अजून सांगतात, "तीन गठ्ठे कमी होते." तरुणपणी त्यांनी अकोल्याच्या टॉकीजमध्ये 'कयामत से कयामत तक' पाहिला होता, 1988 साली. गिटार घेतलेला आमीर पाहून त्या वर्षी अर्ध्या महाराष्ट्राला आपण वडिलांविरुद्ध बंड करावं असं वाटलं होतं. भाऊंनी अनुकंपा तत्त्वावर नोकरी धरली.

लोकांनी त्यांना बेंजोचा सल्ला दिला. तो सल्ला मला अजूनही पटतो. आपल्या मिरवणुकीतल्या बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात, आणि भाऊ मराठी टायपिंग 30 च्या आणि इंग्रजी 40 च्या स्पीडनं पास. बटणं दाबण्यात हयात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी वरातीत उभा राहिला असता. पण बेंजोनं घट्टे पडत नाहीत.

मास्तर मोबाईलवर मिळाला, नागपूरचा, बावीस वर्षांचा. तो भाऊंना "अंकल" म्हणतो आणि भाऊ त्याला "गुरुजी". पहिल्या धड्यात त्यानं सहा तारांची नावं पाठ करायला सांगितली, जाडीकडून बारकीकडे: ई, ए, डी, जी, बी, ई. लिपिकी डोकं असल्या गोष्टी कोऱ्या पाठ करत नाही. भाऊंनी वाक्य बनवलं: "इथं आज डाळ गार, बायको इस्तो." इस्तो म्हणजे विस्तव. तारा लावताना ते हे वाक्य मोठ्यानं म्हणत. तिसऱ्या दिवशी वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं की ही प्रार्थना आहे की तक्रार.

तारा लावणं हा एक वेगळाच अध्याय आहे. त्या सहा तारा मिळून त्या लाकडाला जवळपास 70 किलोच्या ताणानं ओढत असतात, म्हणजे सोयाबीनच्या भरल्या कट्ट्याहून जास्त. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 43-44 वर गेला की लाकूड आणि तार दोन्ही आपापल्या मनानं वागतात. भाऊंच्या मोबाईलवर कंपनं मोजणारं ॲप आहे. ते पाचव्या तारेला सेकंदाला 110 कंपनं मागतं. एकदा सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून ते बराच वेळ कान देऊन बसले आणि मला हाक मारली. "ऐका. हा जी. 98 पाहिजे. आणि बाहेर ऐका." बाहेर आमच्या गल्लीची डीपी गुणगुणत होती. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे डीपी शंभरवर गुणगुणते. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "डीपी किंचित चढी आहे." तेव्हापासून लाईट गेली की गल्ली हळहळते आणि भाऊ म्हणतात, "आता नीट लागेल."

किशोरकुमारचं एक गाणं आहे, 1983 च्या 'कलाकार'मधलं. गिटार हातात घेणारा प्रत्येक भारतीय माणूस तिथूनच सुरू होतो आणि बहुतेक जण तिथेच संपतात. भाऊ पहिल्या ओळीच्या मध्यावर संपतात. त्यांच्या वहीत उतरवलेल्या कॉर्डमध्ये तिथे एफ येतो. एफ म्हणजे तर्जनी आडवी घालून पहिल्या फ्रेटवर सहाच्या सहा तारा एकट्या बोटानं दाबायच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आणखी तीन जागा सांभाळायच्या. डाव्या हाताचा मळ म्हणतात तो हा नव्हे. मी भिंतीपलीकडे राहतो. दीड वर्ष रोज संध्याकाळी सात वाजता मी एक गाणं सुरू होताना ऐकतो, मग 'थड्' असा आवाज, लाकडी पेटीवर टिचकी मारल्यासारखा, मग शांतता, मग "इथं आज डाळ गार". माझ्या घरात आता कोणी ते गाणं पुढे म्हणत नाही. आम्ही सगळे 'थड्'पाशी थांबतो.

मध्यंतरी त्यांना बेसचा शोध लागला. चारच तारा, त्याही गिटारच्या खालच्या चार तारांच्याच नावाच्या, फक्त एक सप्तक खाली. आणि बहुतेक वेळा एका वेळी एकच दाबायची. म्हणजे एफची कटकट नाही. लिओ फेंडर नावाच्या, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं 1951 मध्ये हे वाद्य बाजारात आणून माणसाएवढा डबल बेस पाठीवर वाहणाऱ्यांची सुटका केली, हे भाऊंनी मला भाजीच्या रांगेत सांगितलं. "आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ ऐका. कोणी ऐकत नाही, पण तो काढून टाका, गाणं बसेल खाली." मग आवाज खाली आणला. "तार जाड असते. घट्टे मोठे पडतात." मुलानं पैसे पाठवले नाहीत म्हणून आम्ही वाचलो.

कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम ठेवला होता. भाऊंनी प्रास्ताविक केलं. राजशेखरानं काव्यमीमांसेत लिहून ठेवलंय की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लागलं. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वाकाटकांची एक राजधानी. इथला राजा सर्वसेन स्वतः कवी, 'हरिविजय' हे प्राकृत काव्य त्याचं. त्या लग्नात वाजंत्री कोण होते ते राजशेखर लिहीत नाही, पण भाऊंच्या चेहऱ्यावरून जागा अजून रिकामी असावी. मग ते तारा लावायला बसले. दव पडू लागलं, तार उतरू लागली. चंद्र माथ्यावर आला, दुधावर साय आली, पोरं साय चमच्यानं ओढून भांडू लागली. शेवटी पहिली ओळ सुरू झाली आणि सगळ्या गच्चीनं, लहान पोरांसकट, एका सुरात म्हटलं, "थड्."

भाऊ हसले. सगळ्यांना बोटं दाखवत फिरले.

मला त्यांचा राग येतो, हे मी लपवत नाही. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. छत्तीस वर्षं सरकारी टेबलामागे बसूनही हा डावा हात टेबलाखाली कधी गेला नाही. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि भाऊंनी ते एकदाही कोणाला दाखवलेलं नाही.

नोव्हेंबरात त्यांच्यासोबत एका सेवा केंद्रात गेलो होतो. पेन्शनरला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि 2014 पासून ते यंत्रावर बोट ठेवूनही करता येतं. भाऊ आठवडाभर या दिवसाची वाट पाहत होते. मशीनवाल्या पोराला आधीच बजावून ठेवलं, "डाव्या हाताचं घे. उमटणार नाही. घट्टे आहेत. गिटार." पोरानं तर्जनी काचेवर टेकवली. पहिल्याच दाबाला हिरवा दिवा लागला.

भाऊ म्हणाले, "पुन्हा पाहा."

"झालं ना काका."

मागे रेशनच्या केवायसीसाठी एक म्हातारी बाई उभी होती. सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपली होती. विळा धरून धरून आणि शेंगांची टोकं लागून हातांची सालटं निघालेली, आणि त्याखाली आधीच्या किती हंगामांचं कातडं. पोरानं एक बोट घेतलं, लाल दिवा. दुसरं, लाल. दहाही झाली. ओल्या फडक्यानं पुसून झाली, खोबरेल लावून झाली. लाल. पोरगा म्हणाला, "आजी, उद्या या." ती म्हणाली, "कालबी हेच म्हटलं तू."

भाऊंचा हात अजून तसाच वर होता. बाईचं लक्ष गेलं. "तुमच्या बोटाले काय झालं जी?"

"गिटार वाजवतो. तारेचं वाद्य. घट्टे पडले."

"पोटासाठी वाजवता?"

"नाही, हौसेनं."

"हौसेनं पाडून घेतले?" बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हसली. कुत्सित वगैरे अजिबात नाही. नातवानं काही गंमत केली की आजी हसते तशी. भाऊंनी हात खाली घेतला.

मग ते पोराकडे वळले. बोटं उमटत नसतील तर डोळ्यांवरून ओळख पटवता येते, तसं करा म्हणाले. पोरगा म्हणाला, ते यंत्र इथे नाही. भाऊ म्हणाले, "तसं लेखी द्या." हे वाक्य छत्तीस वर्षं त्यांनी खिडकीच्या आतून म्हटलं होतं, बाहेरून पहिल्यांदा म्हटलं. तिथल्या तिथे त्यांनी अर्ज लिहिला, 'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत एकाही खाडाखोडीविना, आणि खाली बाईचा अंगठा घेतला. शाईचा अंगठा. तो मात्र उमटला, काळा गोळा का होईना. तिसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून ते तिला दुसऱ्या केंद्रात घेऊन गेले, तिथे डोळे घेतले, आणि तिचं रेशन सुरू राहिलं. हे मला भाऊंकडून कळलं नाही. स्कूटरवाल्या मेकॅनिककडून कळलं.

त्यानंतर संध्याकाळी सात वाजता भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. मी आधी देवाचे आभार मानले. आठवडाभरानं घड्याळाकडे पाहू लागलो. पंधराव्या दिवशी उठून शेजारी गेलो. भाऊ पेपर वाचत होते.

"दाखवा बोटं," मी म्हणालो.

त्यांनी हात पाठीमागे नेला. मी ओढून काढला. बोटांची टोकं सोलून निघाली होती, खालचं कातडं गुलाबी, तान्ह्या पोरासारखं.

"पंधरा दिवस हात लावला नाही की जातात," भाऊ म्हणाले. "आमचे जातात."

मी कपाटावरून गिटार काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. हे मी का केलं, हे माझ्या घरचे अजून मला विचारतात. त्यांनी सहा तारा लावल्या, मी सहाही ऐकल्या. पाचवी चढवत होते तेवढ्यात लाईट गेली आणि डीपी गप्प झाली. अंधारात गाणं सुरू झालं. नव्या कातडीला तार लागत असावी, भाऊ मधेच 'स्स' करत होते. ओळ मध्यावर आली.

थड्.

मी श्वास धरून बसलो. आणि स्वयंपाकघरातून वहिनींनी ती ओळ उचलली. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. त्यांनी एफवरून गाणं अलगद पलीकडे नेलं, भाऊंनी घाईघाईनं पुढची कॉर्ड पकडली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मी त्या गाण्याची दुसरी ओळ ऐकली. ती संपली तसा आतून आवाज आला,

"डाळ गार होऊन राह्यली हो!"