बोस्टनला गौरी-गणपती नसतात

दिंडोशीत वाढलेल्या पोराने शेवटची तारीख पाळावी, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. एका अंगाला सत्र न्यायालय. तिथे सकाळी गेलेला माणूस दुपारी पुढची तारीख घेऊन खाली उतरतो. दुसऱ्या अंगाला गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. त्याच्या जुळ्या बोगद्यांचं भूमिपूजन २०२४च्या जुलैत झालं, आणि न्यायालयापासून फिल्म सिटीकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाच्या तारखा पाठ करणं आम्ही केव्हाच सोडलं. वर टेकडीवर नागरी निवारा वसाहत. तिथल्या पहिल्या पिढीने मृणालताई गोरेंच्या भरवशावर घराचे अर्ज भरले आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. अशा मातीत ‘आज शेवटचा दिवस’ म्हटलं की कुणाला घाम फुटत नाही. लोक एवढंच विचारतात, ‘वाढवून दिली का?’

आमच्या मजल्यावरचे एक चिरंजीव इंजिनीअर आहेत, म्हणजे अर्थातच त्यांना एमबीए करायचं आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी हा निश्चय जाहीर केला आणि एक एक्सेल शीट बनवलं. कॉलेजं, तारखा, निबंध, फी, प्रत्येकाला वेगळा रंग. जुलै संपला तेव्हा शीट इतकं देखणं झालं होतं की त्यात काही भरायचं त्यांच्या जिवावर आलं.

त्यांना आळशी म्हणणारे लोक व्यवस्था समजून घेत नाहीत. आपल्याकडे एमबीए प्रवेशाची घडी अशी: पहिल्या दिवशी फॉर्म कोणी भरत नाही, कारण मुदतवाढ येणारच. कोणी भरलेला नसल्यामुळे शेवटच्या दिवशी सगळे तुटून पडतात. वेबसाइट झोपते. मग पालक, संघटना, स्थानिक नेते निवेदन घेऊन निघतात आणि मुदतवाढ येते. पहिल्याच दिवशी फॉर्म भरणाऱ्या शहाण्याला मिळतं काय? चार दिवसांनी नवी सूचना आणि कागदपत्रं पुन्हा अपलोड करण्याचा मान. नॉन-क्रीमीलेयर नाही? पावती जोडा. व्हॅलिडिटी अडकली? तिचीही पावती जोडा. निम्मा महाराष्ट्र पावतीवर मॅनेजर झाला आहे.

कॅटवाले आयआयएमचे, म्हणजे शिस्तीचे, असं वाटत असेल तर तेही विसरा. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं नोंदणीची शेवटची तारीख १३ सप्टेंबर होती आणि तिन्ही वर्षं ती २० सप्टेंबरला गेली. जे लोक देशाला वेळेचं व्यवस्थापन शिकवतात त्यांनाच आठवडा कमी पडतो. गेल्या वर्षी तर १३ आणि २० या दोन्ही तारखा पितृपक्षात आल्या. चिरंजीवांच्या आजींनी पहिल्या तारखेला सांगितलं, ‘या दिवसांत नवीन काही सुरू करू नये.’ नातवाने इतक्या आज्ञाधारकपणे आजीचं ऐकल्याची घरात दुसरी नोंद नाही.

घोटाळा झाला तो हार्वर्डमुळे. स्वप्नाला पैसे पडत नाहीत म्हणून शीटच्या पहिल्या ओळीत हार्वर्ड होतं. पहिल्या फेरीची मुदत ३ सप्टेंबर २०२५, बोस्टनची दुपार बारा, म्हणजे आपली रात्र साडेनऊ. फरकाचे हे साडेनऊ तास मुळातच दिलेली मुदतवाढ आहेत, असं चिरंजीवांचं म्हणणं. पण २७ ऑगस्टला गणपती! कुटुंब कोकणात. गौरींसोबत बाप्पा २ तारखेला गेले, आणि चिरंजीव त्याच रात्री मुंबईच्या बसमध्ये बसले. रस्ता कोणता, तर मुंबई-गोवा महामार्ग; २०११ साली ज्याचं चौपदरीकरण सुरू झालं तो. माणगावच्या अलीकडे बस उभी राहिली आणि उभीच राहिली.

तिथे, डाव्या बाजूच्या खिडकीत, मांडीवर मोदकांचा डबा आणि हातात सतरा टक्के चार्ज असलेला फोन घेऊन त्यांनी नेतृत्वावरचा निबंध लिहिला. सोसायटीच्या मंडळाची वर्गणी गोळा केल्याचा प्रसंग त्यात ‘विविध हितसंबंधी गटांचं समन्वयन’ झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकशे एकच्या वर एक रुपया दिला नव्हता, तो ‘प्रतिकूल वाटाघाटींचा अनुभव’. पुढच्या सीटवरच्या बाईंना उलटी होत होती. यांनी पिशवी पुढे केली आणि सहानुभूतीवर एक परिच्छेद वाढवला. माझ्या मते सबंध अर्जात खरा तेवढाच.

दिंडोशीला पोचायला संध्याकाळ झाली. निबंध तयार होता, इंग्रजी बरं होतं, बहिणीने स्वल्पविरामही तपासले. आता राहिली शिफारसपत्रं. ती दोन लागतात. पहिलं जुन्या मॅडमनी ऑगस्टमध्येच पाठवलं होतं. (त्या मूळच्या चेन्नईच्या.) दुसरं साहेबांचं. साहेब स्वतः मुंबईतल्या नामांकित संस्थेतून एमबीए झालेले. त्यांना जुलैत सांगितलं, ऑगस्टमध्ये आठवण केली, गणपतीच्या आदल्या दिवशी पेढे दिले. प्रत्येक वेळी साहेब म्हणाले, ‘तूच लिहून पाठव रे, मी टाकतो.’ आता आपणच आपली स्तुती करायची तर तिथेही माणूस लाजतो, पुढे ढकलतो. ‘उमेदवाराला कोणती सुधारणा सुचवलीत’ या रकान्यापाशी चिरंजीव आठवडाभर अडले होते. शेवटी ‘अतिपरिपूर्णतेचा ध्यास’ लिहून त्यांनी मजकूर साहेबांना पाठवला.

आठ वाजले. नऊ वाजले. आई देवापुढे, वडील राउटरपुढे. शेजारची चार माणसं काही कारण नसताना दारात उभी. साहेबांचा फोन दोनदा वाजून बंद. नऊ वाजून अकरा मिनिटांनी त्यांचाच उलटा फोन आला. मागे आरतीचा आवाज, झांजा, कोणीतरी प्रसाद वाटतंय.

‘अरे, बघितलं मी तुझं. छान लिहिलंयस. जरा निवांत वाचून उद्या टाकतो.’

‘सर, आज साडेनऊला बंद होतंय.’

‘काही बंद होत नाही रे,’ साहेब म्हणाले, ‘माझ्या वेळेला तीनदा वाढवली होती.’