माल कुणाचा? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचा!

"आक्का, ऐकलासा काय? वरच्या गल्लीतल्या आप्पांचं सोयाबीन सरकारी खरेदी केंद्रावरनं माघारी आलं!"

कुंपणाच्या पलीकडं वैनी उभ्या, अलीकडं आक्का वाल सोलत बसल्या होत्या. सूप बाजूला सरकलं.

"आगं बया! भिजलंवतं काय?"

"न्हाय वो, खडखडीत वाळलंवतं. सातबाऱ्यावर पीकपेराच कोरा निघाला."

"शेरभर घाम गाळून पेरलं आणि कोरा कसा?"

"2021 पासनं ई-पीक पाहणी आली न्हवं? आपणच शेतात उभं ऱ्हायचं, मोबाईलवर पिकाचा फोटू काढून नोंदवायचं. आप्पा म्हणालं, तलाठी बघंल की! 2025 च्या खरिपाला हमीभाव 5,328 रुपये क्विंटल हुता, बाजारात त्याच्यापरीस कमी. आता देत्यात व्यापाऱ्याला."

"व्यापारी सातबारा मागत न्हाई?"

"कशाला मागंल? त्यो माल बघतोय, वजन करतोय, पैसे देतोय. सरकारच्या पैशानं खरेदी असली की मातूर माल पिकला कुणाच्या रानात, ह्ये आधी दाखवायचं."

"आमच्या मामंजींच्या टायमाला गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जायचा. अडत्याच्या दारात रवं उतरायचं, सौदा व्हायचा, हमाली-तोलाई कापून पट्टी हातात. बाकी कायबी इचारत न्हवतं."

"आता गुळाचंच नाव जपायची पाळी आलीया. 2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरीबी परमुलखातला गूळ आपल्या नावावर खपतोय म्हणून वरड हायच."

"बरं, तुज्या उसाचं काय? तोड आली म्हणं."

वैनींनी पदर खोचला. आवाज खाली आला.

"तोड आली, खरं नोंद मालकाच्या नावावर. रान वाट्यानं केलंय न्हवं आम्ही. कायदा 1966 चा, ऊस पोचला की 14 दिवसांत पैसे द्यायचं. पैसे येतील की, खरं मालकाच्या खात्यावर. त्यातनं त्यांच्या सोसायटीचं कर्ज कापून जाणार. लागण आम्ही केली, भांगलण आम्ही केली, खताची उधारी आमच्या डोक्यावर!"

"आणि मालक?"

"मालक पुण्यात. म्हणत्यात, बिल जमा झालं की बघू."

"कागद केलायसा न्हवं वाट्याचा?"

"तोंडी ठरलंय."

"तोंडी!" आक्कांनी कपाळाला हात लावला. "भुदरगडच्या आमच्या दाजींचं ऐक. बांधावरची सागाची झाडं, आज्यानं लावलेली. तोडली आणि ट्रकात घातली. नाक्यावर अडवलं. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, लाकडावर हातोड्याचा शिक्का, एक बी न्हाई. सातबारा काढला तर त्याच्यावर आज्याचंच नाव! वारस नोंद कुणी केलीच न्हाई."

"आज्यानं लावली म्हटल्यावर त्यांचीच की वो झाडं."

"तू म्हणतीस. 1927 चा वन कायदा म्हणतोय, माल वनउपज असला आणि वाद निघाला, तर आधी त्यो सरकारचा. तुजा असंल तर तू शाबीत कर."

"म्हंजे चोरानं न्हाई, मालकानं शाबीत करायचं?"

"व्हय की. खरं त्यातबी मेख हाय. लाकूडचोराच्या हातानं अवघं रान रिकामं झालं असतं न्हाईतर. कायदा वाईट न्हाई गं. त्याला कागद दिसतोय, राबणारा हात दिसत न्हाई."

"बायकांचा तर न्हाईच न्हाई. आमच्या घरात सगळी भांगलण माझी, आणि सातबाऱ्यावर नाव दिराचं आणि ह्यांचं."

"लक्ष्मीमुक्ती ऐकलीयास न्हवं? नवरा राजी असला की त्याच्या हिश्श्यात बायकूचं नाव चढतंय."

"आमचे हे राजी हुतील तवा!"

"जेवायला उशीर कर दोन दिवस, हुतील."

दोघी हसल्या. मग आक्कांनी बोटांवर मोजत सांगितलं:

"हे बघ वैनी. पीक उभं हाय तवर फोटू काढून ई-पीक पाहणी करा. घरात कोण गेलं तर वारस नोंद लगेच करा. झाड तोडायच्या आधी वनखात्यात जावा, तोडल्यावर न्हाई. आणि रान वाट्यानं घ्यायचं असंल तर पैसे कुणाच्या खात्यावर येणार आणि किती दिवसांत वाटणार, ह्ये लिहून, सह्या करूनच नांगर घाला. पुण्याच्या मालकाला आजच फोन लाव. बिल जमा व्हायच्या आधी बोललीस तर ती मागणी, नंतर बोललीस तर ती भांडणं."