मामा, बाटली नासलेली नाही

ग्लासगो,
श्रावणातला पहिला शनिवार

ती. मामांस,


तुमचा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. मागे आवाज पावसाचा होता की कोणाच्या घोरण्याचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गटारीला बारवी धरणाच्या वाटेवरच्या फार्महाउसवर तुमची सगळी रिटायर्ड मंडळी जमली, जावईबापूंनी दिलेली बाटली मोठ्या मानाने फोडली, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांचे चेहरे वाकडे झाले. एक म्हणाले इस्पितळाचा वास येतोय, दुसरे म्हणाले सुंभ जळाल्याचा. मग कोला ओतून, लिंबू पिळून पाहिलं, तरी अर्धी बाटली उरलीच. तुमच्या ग्रुपच्या इतिहासात असं प्रथमच घडलं असावं. निकाल काय, तर बाटली नासली, विमानात ऊन लागलं असणार.

मामा, व्हिस्की नासत नाही. सीलबंद बाटली वर्षानुवर्षं तशीच राहते. निवड जावईबापूंची होती. त्यांना धुराची व्हिस्की आवडते, आणि आपल्याला आवडतं ते सगळ्यांना आवडतं असा त्यांचा ठाम समज आहे. आमच्या घरी कारल्याच्या बाबतीतही हेच चालतं. पण आता तुम्ही श्रावण महिनाभर पाळणार आहात, तर थिअरी उरकून घेऊ. प्रॅक्टिकल गौरी-गणपती झाल्यावर.

ती बाटली आयला बेटावरची. (उच्चार असाच आहे, मी शिवी देत नाहीये.) तिथे सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि ते वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ नि गवत. त्याचा दाट धूर मोडांत शिरतो आणि त्या धुरातलं फिनॉल मोजतात पीपीएममध्ये. इथे तुम्ही खुर्चीत सावरून बसाल. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुम्ही बारवीचं पाणी तपासण्यात उभी नोकरी काढलीत. ओटी टेस्टला पिवळा रंग आला, नळाला ०.२ पीपीएम क्लोरिन दिसलं, की पाणी पास. आयलाच्या काही नावाजलेल्या डिस्टिलऱ्यांच्या मोडांत फिनॉल ४०-५० पीपीएम असतं. बाटलीत येईपर्यंत ते बरंच उतरतं, तरी तुमच्या मित्रांच्या नाकांचा अंदाज अगदी बरोबर होता. जंतुनाशकाचा वास फिनॉलचाच.

नवशिक्याने आयलाला शेवटी जायचं. सुरुवात आमच्या शेजारून करायची. ग्लासगोपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर ग्लेनगॉइन नावाची डिस्टिलरी आहे. तिथे पीट जाळतच नाहीत, गरम हवेवर वाळवलेले मोड वापरतात. गंमत म्हणजे हायलँड आणि लोलँड यांची हद्द समोरच्या रस्त्यावरून जाते. एका बाजूला हायलँडात दारू गाळतात आणि रस्ता ओलांडून लोलँडात मुरवतात. आपल्याकडे असतं तर दोन तहसीलदारांचे दाखले लागले असते. तुम्ही आलात की नेईन, पण तुम्ही त्यांची तांब्याची भांडी सोडून पाणी कुठून येतं तेच विचारत बसाल, हे मला आत्ताच दिसतंय. ग्लासगोचं पाणी लॉख कॅट्रिन तलावाचं बरं का, १८५९ सालापासून. उद्घाटनाला व्हिक्टोरिया राणी आली होती. आपल्याकडे बारवीचे स्वयंचलित दरवाजे कोणालाही न विचारता उघडतात, ते मला जास्त आवडतं.

आता पद्धत. पहिलं, तो स्टीलचा पेला नको. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा काचेचा लहान ग्लास घ्या, म्हणजे वास वर गोळा होतो. इथे २००१ पासून ग्लेनकेर्न नावाचा असा ग्लास मिळतो, तुमच्यासाठी आणते. त्यात ओतायची किती? इथल्या पबमध्ये माप २५ किंवा ३५ मिलीचं. तुमचा ६०चा पेग इथे मागितला तर बारवाला आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल.

दुसरं, नाक ग्लासात खुपसायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हळूहळू जवळ आणायचा. पहिला घोट चवीचा नसतोच, त्याने जीभ फक्त सावध होते. खरी चव दुसऱ्या घोटापासून. तो तोंडात घोळवायचा. तुमचा तो मित्र घशाखाली ढकलून ‘चढली नाही’ म्हणतो ना, त्याला या पायरीवर बसवून ठेवा.

तिसरं पाणी, आणि हा विषय तुमचा. ‘नीट’ पिणारेच खरे दर्दी असं मानणारे तुमच्या ग्रुपमध्ये असतील, त्यांना हे वाचून दाखवा. ब्लेंडर लोक, म्हणजे ज्यांचा पगारच नाकावर ठरतो, ते व्हिस्कीत पाणी घालून ती २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग हुंगतात. २०१७ साली स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायाकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे जमतो. तेव्हा चमच्याने थेंब-थेंब घाला. उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे क्लोरिन उडून गेलेलं असेल. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच. बर्फ मात्र नको. त्याने जीभ बधिर होते आणि वास मिटतो.

चकण्याचं काय, असं तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहिते. मसाला शेंगदाणे, कांदा-लिंबू, शेव, हे जिभेवर आलं की व्हिस्की गप्प. साधे काजू ठेवा. चिकन सुकं नंतर.

आणि वासाला नावं द्यायची ती आपली. इथल्या बाटलीवर हेदरची फुलं, मार्झिपॅन असलं काय काय लिहितात. ते हुंगत बसलो तर परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मला एकदा स्पेसाइड भागातल्या एका व्हिस्कीत स्वच्छ पिकल्या फणसाचा वास आला. मी तो मोठ्याने सांगितला आणि टेबलावर शांतता पसरली, कारण फणस कोणी पाहिलाच नव्हता. पण त्यामागे आयसोअमाइल अॅसिटेट आहे. ते फणसात असतं, केळ्यात असतं, आणि आंबवताना यीस्टही तेच तयार करतं. तेव्हा कोणाला काकवी आठवली, जायफळ आठवलं, तर हसू नका, लिहून ठेवा.

परदेशी बाटलीची वाट बघायचीही गरज नाही. २००४ साली बंगळुरूच्या अमृतवाल्यांनी आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा कुठे विकायला काढली? इथे, ग्लासगोत! देवगडात जाऊन हापूस विकण्याचा प्रकार, पण खपली. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूच्या उष्म्यात १०-१२ टक्के. बारवीच्या बाष्पीभवनावर तुम्ही हळहळायचात, त्याहून महाग प्रकरण. पण त्याच उष्म्याने ती लवकर मुरते. गोव्याची पॉल जॉनही उत्तम. मळीच्या स्पिरिटवर चालणाऱ्या तुमच्या नेहमीच्या क्वार्टरशी तुलना करून बघा. पिण्याचा परवाना आजीवन आहे तुमचा, वापरा की.

एक धाकटेपणाने सांगते. पावसाळ्यात धरणाकाठी जायला बंदी असते ती पाळा, आणि गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्या. इथे १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, भारतात ३०. डिस्टिलरीत गाडी चालवणाऱ्याला त्याचा वाटा छोट्या बाटलीत घरी न्यायला देतात. जावईबापूंच्या नशिबी नेहमी तीच बाटली येते, कारण लायसन्स त्यांचं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वडे कालच्या तेलात तळलेत हे मामी दारातूनच ओळखतात. तुमच्या ग्रुपमध्ये असं नाक कोणाकडे नाही. त्यांना प्यायला लावू नका, फक्त ग्लास हुंगायला द्या आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा. ‘शी’ म्हणाल्या तर पुढचा शब्द कळवा.

दिवाळीत येतोय. दोन लिटरपर्यंत कस्टमवाले काही म्हणत नाहीत. या वेळी निवड माझी.

तुमची भाची

ता. क. उरलेली बाटली उभीच ठेवा, आडवी केली की बूच खराब होतं. गच्चीवरच्या टाकीमागे लपवली असेल तर तिथून काढा, ऊन लागेल. मामींना ती जागा ठाऊक आहे.