तापलेल्या इंजिनाची शांत

हा विधी ज्यांची गाडी नुकतीच दुरुस्त होऊन आली आहे त्यांनीच करावा. दुरुस्त न केलेली गाडी तापली तर त्याला काहीतरी कारण असतं. दुरुस्त केलेली गाडी तापते तेव्हा हातात फक्त बिल असतं. माझ्या बिलावर नवा रेडिएटर, नवा वॉटर पंप, वरचा-खालचा होजपाइप, चार लिटर कुलंट आणि मजुरी एवढ्या नोंदी होत्या. हे बिल गाडीतच ठेवावं. पुढे वारा घ्यायला लागतं.

काळ : मे महिना, भर दुपार. स्थळ : घाट. पुणेकरांना दिवेघाट सोयीचा पडतो. जेजुरीला नारळ फोडायला निघालेली गाडी तिथे बाजूला घेतली की खाली मस्तानी तलाव दिसतो. या दिवसांत त्यातही फारसं पाणी नसतं, तेवढाच दिलासा.

पहिला अर्धा तास काहीही करू नये. हे सर्वांत अवघड, कारण तोवर एक दुचाकी थांबते आणि वरचा गृहस्थ म्हणतो, ‘झाकण उघडा की!’ उघडू नका. त्या झाकणामुळे आत साधारण १ बार जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतल्या पाण्याला आपण मघाशीच उकळायला हवं होतं हे एकदम आठवतं. ते तुमच्या तोंडावर उकळतं. गरम इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतायचा सल्लाही नम्रपणे नाकारावा, हेडला तडा जातो. एवढं ऐकूनही गृहस्थ जाता जाता ‘हेड गेलं बहुतेक’ म्हणतोच. कुणीतरी वारल्याच्या सुरात.

मग होजपाइप चाचपावेत. पंख्यापासून बोटं लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी तो फिरू शकतो. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गार, म्हणजे पाणी फिरत नाही. इथे पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो. त्यात मेण असतं. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं आणि पाण्याची वाट उघडतं. आमचे मेस्त्री त्याला मोजतच नाहीत : ‘काढून टाका साहेब, आपल्याकडे लागतच नाही, थंड देशातली भानगड आहे ती.’ हे ऐकू नये. काढून टाकलं की इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि काही गाड्यांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून आल्या वाटेनं परत इंजिनात जातं.

त्याची परीक्षा घरी घ्यावी. मी निघायच्या आदल्या रविवारी घेतली. दोऱ्याला बांधून भांड्यात सोडलं, गॅस लावला. पाणी कढत आलं, तळातून बुडबुडे सुटू लागले तशी मधली पितळी चकती चोरपावलांनी सरकली. बोटभर सुद्धा नाही, पण सरकली. थर्मोस्टॅट निर्दोष सुटला. भांडं मात्र चहाचं होतं आणि त्यावरचा खटला अजून चालू आहे.

तर सगळे भाग नवे, थर्मोस्टॅट धडधाकट. मग आत उरलं कोण? ज्याचं बिलात नावच नव्हतं ते : हवा. कुलंट घाईनं ओतून झाकण लावलं की हवा वर हेडमध्ये नाहीतर हीटरच्या नळ्यांत अडकते. डॅशबोर्डमागे पोटात गुरगुरावं तसा आवाज येतो, काटा एकदा वर एकदा खाली नाचतो आणि हीटर लावला तर गार वारा येतो. मे महिन्यात हीटर लावून बघायचं कुणाला सुचणार? म्हणूनच हा रोग सापडत नाही.

उपाय : गाडीचं तोंड चढाला हवं. गॅरेजमध्ये त्यासाठी जॅक लागतो, दिवेघाटात ते आपोआप असतं. तिथे दीड तासानं इंजिन पुरतं निवल्यावर मी ओलं फडकं टाकून झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, इंजिन चालू केलं आणि म्हशीची धार काढावी तसा वरचा होज दाबत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग एक भलामोठा बुडबुडा ‘बुडुक’ करून फुटला आणि पाणी वीतभर खाली गेलं. प्यायची बाटली त्यात रिकामी केली. (बोअरचं पाणी घालू नका, किटलीत बसतं तसं किटण रेडिएटरमध्ये बसतं.) पुढे पंखा स्वतःहून लागला; लागला नसता तर रिले बघायचा.

बुडबुडे थांबतच नाहीत, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, मागून पांढरा गोडसर धूर येतो, असं असेल तर दुचाकीवाला गृहस्थ बरोबर होता. टोइंगवाल्याला फोन करा.

आमचे बुडबुडे थांबले. घाट चढून सासवडच्या रस्त्याला लागलो. काचा खाली, हीटर पूर्ण.

‘अहो, आता तरी बंद करू का?’ पदरानं मान पुसत हिनं विचारलं.

काटा निम्म्यावर होता.

‘जेजुरीचा गड दिसू दे,’ मी म्हणालो.